हिरवा बॅकअप आणि बेवारस टूल्स: एका पतसंस्थेतलं प्रकरण

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. दोन ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे व्हीएमवेअरच्या आभासीकरणाचे सर्व्हर, ते सांभाळणारं व्हीसेंटर आणि त्या होस्टवर चालणारी मोजकी आभासी लिनक्स मशीनं (व्हीएम किंवा गेस्ट). खातेदारांच्या नोंदी सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर सेंटओएस ७ या लिनक्सवर, त्याखाली मारियाडीबी ५.५ हा डेटाबेस, आणि सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं असल्यामुळे बहुतेक टेबलं मायआयसॅम या जुन्या साठवण-प्रकारची. रोज रात्री प्रत्येक व्हीएमचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं डिस्कचं चित्र, काढून त्यावरून बॅकअप होई आणि सकाळच्या अहवालात सगळ्या ओळी हिरव्या दिसत.

लेखापरीक्षणाच्या तयारीत एक बॅकअप खरोखर परत उभा करून दाखवायचं ठरलं. मशीन उभं राहिलं, लॉगिन झालं, पण डेटाबेसने काही टेबलं उघडायला नकार दिला. शेरा होता, टेबल क्रॅश झालेलं आहे, दुरुस्त करा. आधीच्या आठवड्याचा बॅकअप उभा केला, तिथेही तेच. संस्थेचा संगणक विभाग सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "अहो, रोज हिरवं दिसतंय, मग बिघडलंय कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. स्नॅपशॉट घेताना बॅकअप सॉफ्टवेअर 'क्वाएस' करायला सांगतं, म्हणजे स्नॅपशॉटच्या क्षणी आतल्या फाइल सिस्टीमला थोडं थांबवून ठेवायचं. ही विनंती होस्टकडून थेट लिनक्स कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जात नाही. मशीनच्या आत 'व्हीएमवेअर टूल्स' (पुढे नुसतं 'टूल्स') हा प्रोग्रॅमसंच बसवलेला असतो; त्यातला व्हीएमटूल्सडी हा प्रोग्रॅम ती ऐकतो, आधी ठरवून दिलेल्या स्क्रिप्ट चालवतो, मग कर्नलला फाइल सिस्टीम गोठवायला सांगतो. आणि व्हीएमवेअरच्या एपीआयच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे की टूल्स उपलब्ध नसतील तर क्वाएसची विनंती सोडून दिली जाते. स्नॅपशॉट मात्र निघतो. म्हणजे बॅकअपच्या दृष्टीने काम फत्ते, आणि डेटाबेसच्या दृष्टीने चालू असताना वीज जावी तशी अवस्था. इनोडीबी हा दुसरा टेबल-प्रकार अशा अवस्थेतून लॉगच्या आधाराने स्वतःला सावरतं. मायआयसॅमला तसा लॉग नाही, म्हणून तीच टेबलं पडली.

व्हीसेंटरवर त्या मशीनच्या सारांशात टूल्सपुढे 'चालू नाही' असंच लिहिलेलं होतं. आयपी पत्ता रिकामा होता आणि मशीन नीट बंद करण्याचा पर्याय फिकट झालेला होता. ही लक्षणं कितीतरी दिवस कुणाच्या नजरेस पडली नव्हती, कारण मशीन स्वतः व्यवस्थित चालत होतं आणि रोजच्या कामात हे पान उघडायची गरजच पडत नव्हती.

मशीनवर लॉगिन करून पहिला प्रश्न विचारला तो आरपीएमला, म्हणजे सेंटओएसच्या पॅकेज डेटाबेसला: एसबिन डिरेक्टरीमधली व्हीएमटूल्सडी ही फाइल कोणत्या पॅकेजची? उत्तर आलं, ही फाइल कोणत्याही पॅकेजच्या मालकीची नाही. माझ्या मते या प्रकरणाचं निदान त्या एका ओळीत झालं. पॅकेज डेटाबेस हा मशीनचा सातबारा आहे. कोणती फाइल कुणी आणली, तिची आवृत्ती कोणती, ती काढली तर कुणाचं अडेल, हे सगळं त्यात नोंदलेलं असतं. ज्या फाइलचं नाव त्यात नाही तिला अपडेट मिळत नाही, तिच्यावर अवलंबून असलेल्यांना कुणी सावध करत नाही, आणि कर्नल बदलताना तिचा विचारही होत नाही.

इथे नेमकं तेच झालं होतं. आधीच्या कंत्राटदाराने टूल्स बसवली होती ती जुन्या पद्धतीने: व्हीसेंटरमधून टूल्सची आयएसओ (सीडीची प्रत) जोडायची, त्यातलं टार (फाइलींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) उलगडायचं आणि पर्लची इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवायची. ती स्क्रिप्ट स्वतःची नोंद ईटीसीमधल्या व्हीएमवेअर-टूल्स डिरेक्टरीत, लोकेशन्स नावाच्या फाइलमध्ये ठेवते. पॅकेजं बसवणाऱ्या यमला त्या नोंदीचा पत्ता नसतो. पुढे यमने रीतसर नवा कर्नल आणला, मशीन रीस्टार्ट झालं, आणि टूल्सची सुरुवातीची स्क्रिप्ट 'चालू कर्नलसाठी टूल्स कॉन्फिगर झालेली नाहीत, कॉन्फिग स्क्रिप्ट पुन्हा चालवा' एवढं सांगून मागे फिरली. हा निरोप बूटच्या लॉगमध्ये होता. बूटचा लॉग मशीन अडकल्याशिवाय कोण वाचतो?

अशा वेळी मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडले जाणारे टूल्सचे भाग, आपोआप पुन्हा बांधण्याची सोय टारच्या टूल्समध्ये आहे, पण ती चालू करावी लागते. शिवाय तिला कंपायलर आणि त्या कर्नलच्या डेव्हलपमेंट फाइल लागतात. आर्थिक संस्थेच्या सर्व्हरवर कंपायलर ठेवू नये हा नियम योग्यच आहे, आणि इथे तो पाळलेला होता.

आणखी एक गोष्ट हस्तांतराच्या कागदांत सापडली. इन्स्टॉलची आज्ञा तिथे जशीच्या तशी लिहून ठेवलेली होती: स्क्रिप्टचं नाव, पुढे 'उणे एफ' आणि 'उणे डी'. टारच्या अलीकडच्या आवृत्त्या सुरुवातीलाच सांगतात की तुमच्या डिस्ट्रिब्यूशनकडे (सेंटओएस, उबंटू यांसारख्या लिनक्सकडे) ओपन-व्हीएम-टूल्स हे पॅकेज उपलब्ध आहे आणि व्हीएमवेअरची शिफारस तेच वापरण्याची आहे, तरी पुढे जायचं का? उत्तर दिलं नाही तर 'नाही' धरलं जातं. 'उणे एफ' म्हणजे हा प्रश्नच न विचारता बसव. इशारा द्यायला हवा होता त्या जागी तो दिला जात होता आणि आज्ञेतच त्याला गप्प केलेलं होतं. एखादी आज्ञा एका मशीनवर चालली की ती वर्षानुवर्षं चिकटवली जाते, तसं इथे झालं असावं.

टारची सवय मुळात आली कुठून

हे समजून घेतलं तर पुढचा निर्णय सोपा होतो. एकेकाळी टार हा बहुतेकांचा एकमेव मार्ग होता. व्हीएमवेअरने टूल्सचा मोठा भाग ओपन-व्हीएम-टूल्स या नावाने खुला केला तो २००७ मध्ये. तोवर, आणि नंतरही काही वर्षं, आभासी नेटवर्क कार्ड, आभासी डिस्क कंट्रोलर, मेमरी परत घेणारं बलून ही मॉड्यूलं लिनक्स कर्नलच्या बाहेर होती. प्रत्येक कर्नलसाठी ती वेगळी बांधावी लागत, म्हणून टूल्सबरोबर एवढा मोठा पर्लचा खटाटोप येई.

हळूहळू ती मॉड्यूलं कर्नलमध्ये गेली. व्हीएमएक्सनेट३ हा नेटवर्क ड्रायव्हर २.६.३२ मध्ये, पीव्हीस्कझी हा डिस्कचा ड्रायव्हर २.६.३३ मध्ये, बलून २.६.३४ मध्ये, आणि होस्टशी संवाद साधणारे व्हीएमसीआय व व्हीसॉक ३.९ मध्ये. सेंटओएस ज्यांच्या लिनक्सवरून बनलं त्या रेड हॅटने आपल्या ६ व्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये नेटवर्क, डिस्क आणि बलूनचे ड्रायव्हर आधीच घेतले होते. ७ वी आवृत्ती २०१४ मध्ये आली तेव्हा ओपन-व्हीएम-टूल्स तिच्या मूळ रिपॉझिटरीतच (पॅकेजांच्या भांडारातच) होतं. कर्नलची बाजू कर्नल सांभाळतो म्हटल्यावर उरला तो साधा यूजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेरचा, प्रोग्रॅम, आणि साध्या प्रोग्रॅमला बांधणीची गरज नाही, पॅकेज पुरतं.

मधल्या काळात व्हीएमवेअरने स्वतःच्या पॅकेज साइटवर डिस्ट्रिब्यूशननिहाय पॅकेजंही ठेवली होती. ती ओएसपी म्हणून ओळखली जात. रेपोच्या (रिपॉझिटरीच्या) पत्त्यात ईएसएक्सची आवृत्ती, मग डिस्ट्रिब्यूशन, मग आर्किटेक्चर असा क्रम असे, आणि सह्या तपासायला व्हीएमवेअरची सार्वजनिक किल्ली आधी आयात करावी लागे. टारपेक्षा ती पद्धत कितीतरी चांगली, कारण नोंद आरपीएममध्ये होई. तिच्यात अडचण एकच होती. पत्त्यात होस्टची आवृत्ती असल्यामुळे होस्ट बदलला की गेस्टमधली फाइलही बदलायला हवी, आणि ती कुणी बदलत नसे. या संस्थेतच एका सेंटओएस ६ च्या मशीनवर ५.१ चा पत्ता असलेली ओएसपी सापडली. खालचे होस्ट केव्हाच पुढे गेले होते.

पर्याय तीन होते. टार तसंच ठेवून प्रत्येक कर्नलनंतर कॉन्फिग स्क्रिप्ट चालवायची; मशीन चालू होताना टूल्स आपोआप अद्ययावत करण्याची व्हीसेंटरमधली खूण लावायची; किंवा टार काढून डिस्ट्रिब्यूशनचं पॅकेज घ्यायचं. पहिला पर्याय माणसाच्या आठवणीवर उभा आहे. दुसरा गेस्टचा कारभार होस्टच्या हाती देतो, आणि त्यातही टारच येतं. टारची ती शाखा १०.३ च्या मालिकेवर गोठवलेली आहे, नवं काही तिच्यात येणार नाही. तिसरा ठरला, आणि तो ठरवताना फार चर्चा करावी लागली नाही.

सेंटओएस ७ चं मशीन

पहिला अडसर टूल्सचा नव्हताच. सर्व्हरना इंटरनेट नाही, आणि सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपल्यावर नेहमीची मिरर यादीही बंद झाली. तेव्हा इंटरनेट असलेल्या एका वेगळ्या मशीनवर व्हॉल्ट या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहातली ७.९ ची रिपॉझिटरी रेपोसिंकने उतरवून घेतली, तिची सूची बनवायला क्रिएटरेपो चालवलं आणि आतल्या जाळ्यात ती एचटीटीपीवर ठेवली. सर्व्हरवरच्या रेपो फाइलमध्ये सही तपासण्याची ओळ चालूच ठेवली. आतला रेपो आहे, आपलाच आहे, म्हणून ती ओळ शून्य करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. सही तपासली जाते म्हणूनच पॅकेज सेंटओएसचंच आहे आणि मध्ये कुणी बदललेलं नाही याची खात्री देता येते.

मग ईटीसीमधली व्हीएमवेअर-टूल्स डिरेक्टरी पूर्ण बाजूला कॉपी केली. यामागे कारण आहे. क्वाएसच्या वेळी चालवायच्या स्क्रिप्ट तिथेच, बॅकअपस्क्रिप्ट्स.डी या उपडिरेक्टरीत असतात. टार काढताना ती डिरेक्टरी राहील की जाईल यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. त्यानंतर क्वाएसशिवाय एक स्नॅपशॉट, डेटाबेस बंद, आणि टारबरोबर आलेली अनइन्स्टॉल स्क्रिप्ट. ती नीट चालली. इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टीम) ड्रॅकटने नव्याने बांधलं, म्हणजे टारच्या मॉड्यूलांचा अंश बूटमध्ये राहू नये. मशीन रीस्टार्ट केलं. नेटवर्क कार्ड व्हीएमएक्सनेट३ होतं, त्याचा ड्रायव्हर कर्नलचाच, त्यामुळे टूल्स नसतानाही जाळं उभं राहिलं.

पुढची आज्ञा एका ओळीची: यम इन्स्टॉल ओपन-व्हीएम-टूल्स. अकरा-शून्य-पाच ही आवृत्ती आली, सर्व्हिस सुरू केली, बूटला चालू राहील अशी ठेवली. आता आरपीएमला तोच प्रश्न विचारला तर पॅकेजचं नाव येतं. फाइलची जागाही बदललेली दिसते: टारचा व्हीएमटूल्सडी एसबिनमधून चालतो, पॅकेजचा बिनमधून. प्रोसेसच्या यादीत नुसता हा मार्ग पाहिला तरी कोणतं चालू आहे ते कळतं. दुसऱ्या कुणाचं मशीन तपासायला बसल्यावर मी सर्वात आधी तेच पाहतो.

व्हीसेंटरवर टूल्सपुढे 'गेस्ट मॅनेज्ड' (गेस्टच सांभाळतो) आणि ११२६९ हा आकडा आला. संस्थेतल्या गृहस्थांना तो चुकीचा वाटला, कारण पॅकेजचा आकडा वेगळा होता. हिशोब सोपा आहे: मुख्य आवृत्ती गुणिले १०२४, अधिक मधला आकडा गुणिले ३२, अधिक शेवटचा. अकराचे ११२६४ आणि वर पाच. याच रीतीने १०.३.१० चे १०३४६ होतात. जुन्या ओपन-व्हीएम-टूल्सच्या किंवा ओएसपीच्या मशीनवर कधीकधी २१४७४८३६४७ दिसतो. चिन्हासह ३२ बिटांत मावणारी ती सर्वात मोठी धन संख्या, आणि तिचा अर्थ एवढाच की आवृत्ती होस्टने सांभाळायची नाही. 'गेस्ट मॅनेज्ड' हा शेराही दोष दाखवत नाही. उलट आपल्याला हवी होती ती स्थिती तीच.

इथवर टूल्सचं काम झालं, पण मूळ तक्रार टेबलांची होती. फाइल सिस्टीम गोठवल्याने डिस्कवरचं चित्र सुसंगत राहतं. मायआयसॅमच्या इंडेक्सचा जो भाग मारियाडीबीच्या मेमरीत असतो तो त्याने डिस्कवर उतरत नाही. त्यासाठी गोठवण्याआधी सगळी टेबलं फ्लश करून वाचन-लॉक घ्यावा लागतो. संस्थेत तशी स्क्रिप्ट होती, आणि तिच्यात एक खोच राहिलेली होती. लॉकची आज्ञा डेटाबेसच्या क्लायंटला देऊन स्क्रिप्ट लगेच संपत होती. क्लायंटचं सेशन मिटलं की लॉकही सुटतो, म्हणजे टूल्स चालू असती तरी तो लॉक स्नॅपशॉटपर्यंत टिकला नसता. स्क्रिप्ट नव्याने लिहिली. टूल्सकडून 'फ्रीझ' (गोठवा) हा शब्द आला की लॉक घेणारं सेशन पार्श्वभूमीत जिवंत ठेवायचं आणि त्याचा प्रोसेस क्रमांक लिहून ठेवायचा; 'थॉ' (सोडा) किंवा 'फ्रीझफेल' (गोठवणं फसलं) आला की ते सेशन संपवायचं. 'फ्रीझफेल' हाताळायला बरेच जण विसरतात. मग एखाद्या रात्री गोठवणं फसतं, लॉक तसाच राहतो आणि सकाळी काउंटरवर एकही नोंद होत नाही. प्रत्येक टप्प्यावर लॉगरने एक ओळ जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या लॉगमध्ये, टाकली.

त्या रात्रीच्या बॅकअपनंतर जर्नलमध्ये फ्रीझ आणि थॉच्या ओळी लागोपाठ दिसल्या. तो बॅकअप वेगळ्या जाळ्यात उभा केला, सगळी टेबलं तपासली, एकही अडलं नाही.

सेंटओएस ६ चं मशीन

इथे काम सावकाश करावं लागलं. या मशीनवर जुना वेतनपत्रकाचा प्रोग्रॅम होता आणि तो हलवायला संस्थेची तयारी नव्हती. ओएसपी काढण्यासाठी यमला सांगितलं, आणि होकार देण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचली. त्यात व्हीएमएक्सनेटचं कर्नल मॉड्यूल होतं. व्हीएमएक्सनेट३ नव्हे, त्याआधीचं. कार्डाची माहिती देणाऱ्या ईथटूलला विचारलं तेव्हा चालू कार्डाचा ड्रायव्हर तोच निघाला. हा जुना ड्रायव्हर मूळ लिनक्स कर्नलमध्ये कधीच गेला नाही. टूल्स गेली की तो जातो आणि त्याच्याबरोबर नेटवर्कही. टारने बसवलेलं असतं तर ही यादी आपल्यासमोर आलीच नसती. पॅकेज असण्याचा फायदा मला या क्षणी सर्वात जास्त जाणवला: काढण्याआधीच परिणाम दिसला, आणि आम्ही 'नाही' म्हणून बाहेर आलो.

म्हणून आधी मशीन बंद करून व्हीएमएक्सनेट३ चं दुसरं कार्ड जोडलं, जुनं तसंच ठेवलं. सुरू केल्यावर नवं कार्ड ईटीएच१ नावाने आलं. सेंटओएस ६ मध्ये यूडेव्ह प्रत्येक मॅक (हार्डवेअर) पत्त्याला एक नाव कायमचं नेमून देतं, ७० ने सुरू होणाऱ्या पर्सिस्टंट-नेट नियमांच्या फाइलमध्ये. त्या फाइलमधली जुन्या कार्डाची ओळ काढली, नव्याच्या ओळीत नाव ईटीएच० केलं, आणि ईटीएच० च्या आयएफसीएफजी फाइलमधला हार्डवेअर पत्ताही बदलला. यातलं एक केलं आणि दुसरं राहिलं तर इंटरफेस वर येतच नाही. सगळं काम व्हीसेंटरच्या कन्सोलवरून, एसएसएचवर विसंबून नाही. जुनं कार्ड काढून मशीन नव्यावर चालतंय हे पाहिलं, मगच ओएसपी आणि तिची रेपो फाइल काढली. ओपन-व्हीएम-टूल्स एपेल ६ या फेडोराच्या जादा पॅकेजांच्या रेपोमधून घेतलं. तो रेपोही आता फेडोराच्या संग्रहातच आहे, तोही आतल्या मिररवर आणून ठेवला.

उबंटूची मशीनं

यांच्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. उबंटू सर्व्हरवर ओपन-व्हीएम-टूल्स बहुधा आधीपासूनच असतं, आणि ते तसंच होतं. एका मशीनवर मात्र पॅकेज असतानाच वरून टार बसवलेलं निघालं. टार काढलं, मग पॅकेज ॲप्टने पुन्हा बसवलं, कारण दोघांच्या काही फाइल एकाच जागी येतात आणि टारने जाताना कोणत्या नेल्या हे एकेक शोधत बसण्यापेक्षा ते बरं. तिथे सर्व्हिसचं नाव ओपन-व्हीएम-टूल्स आहे, सेंटओएसवर ते व्हीएमटूल्सडी. देखरेखीच्या स्क्रिप्टमध्ये दोन्ही नावं घालावी लागली. डेस्कटॉपचं वेगळं पॅकेज कुठेच घेतलं नाही. ते स्क्रीनचा आकार आणि क्लिपबोर्डसाठी आहे, सर्व्हरला त्याचा उपयोग नाही.

देखरेखीत एक तपासणी नव्याने घातली. मशीनच्या आत सर्व्हिस चालू आहे का एवढंच न पाहता, व्हीसेंटर त्या मशीनच्या टूल्सची स्थिती काय सांगतं तेही रोज बॅकअपच्या आधी विचारायचं, आणि 'चालू' नसेल तर त्या मशीनचा बॅकअप लाल दाखवायचा. संस्थेच्या व्यवस्थापक मॅडमनी आधी शंका काढली की यामुळे उगाच लाल ओळी वाढतील. टेबलं न उघडणारा तो जुना बॅकअप त्यांना दाखवला तेव्हा म्हणाल्या, "मग लालच दिसू दे. निदान फोन तरी येईल तुम्हाला."

पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ओपन-व्हीएम-टूल्समधली सीव्हीई-२०२५-४१२४४ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. मशीनवर कोणत्या सेवा चालतात हे शोधणारी एक स्क्रिप्ट प्रोसेसच्या नावावरून प्रोग्रॅम ओळखे आणि आवृत्ती विचारायला तो प्रोग्रॅम चालवून पाही. ओळखण्याचा नमुना इतका सैल होता की टेम्प डिरेक्टरीत एचटीटीपीडी नावाने ठेवलेली कुणाचीही फाइल त्यात बसे, आणि ती रूटच्या, म्हणजे पूर्ण, अधिकाराने चालवली जाई. उबंटूच्या मशीनांना दुरुस्ती नेहमीच्या सुरक्षा अपडेटबरोबर मिळाली. लेखापरीक्षकांच्या स्कॅनरने तरीही ती मशीनं धोकादायक यादीत टाकली, कारण उबंटू दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत आणून बसवतं आणि वरचा आकडा तोच राहतो. पॅकेजचा चेंजलॉग काढला, त्यात सीव्हीईचा क्रमांक होता, तो जोडून उत्तर पाठवलं आणि नोंद बंद झाली.

सेंटओएसच्या दोन्ही मशीनांना असं अपडेट आता मिळणार नाही. टूल्स पॅकेजमधून आली म्हणून खालचं डिस्ट्रिब्यूशन जिवंत होत नाही, हे संस्थेला लेखी कळवलं आहे. मुख्य सॉफ्टवेअर अल्मालिनक्स ९ वर नेण्याची चाचणी सुरू आहे. तिथे इन्स्टॉलर व्हीएमवेअर ओळखून ओपन-व्हीएम-टूल्स स्वतःच बसवतो. हाताने न्यायची आहे ती फक्त लॉकची स्क्रिप्ट. वेतनपत्रकाच्या मशीनबद्दल निर्णय संचालक मंडळाकडे आहे.